वडनेरला न गेलेले बेस्तरवार

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चाले त्या काळातली ही गोष्ट आहे. मी नांदुऱ्याला मिशनचा उपदेशक होतो. रविवारची उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, आणि आठवड्यातले चार दिवस पायी खेड्यांतून फिरणं, एवढं माझं काम. आमची मंडळी दहा-बारा घरांची, बहुतेक रेल्वेत काम करणारी. मिशनचे गोरे साहेब दुसऱ्या गावी राहत आणि महिनाअखेर येत. आले की माझी रोजनिशी मागून घेत आणि कुठे गेलो, काय वाचलं, कोण काय म्हणालं हे सगळं शिसपेन्सिलीने खुणा करत वाचत.

मला तेव्हा काही मोठं दुःख झालेलं नव्हतं. घरातलं कुणी गेलं नव्हतं, अंगात रोग नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे नेमका याच ठिकाणी मी खोटं बोललो आहे. मी फक्त थकलो होतो. आठ वर्षं तीच गावं, तेच रस्ते. लोक वाईट नव्हते. बसायला घोंगडी टाकत, पाणी देत, सगळं ऐकून घेत, "बराबर हाय महाराज" म्हणत आणि उठून कामाला जात. कुणी अंगावर धावून आला असता तर निदान घरी येऊन सांगण्याजोगं काही घडलं असतं. तेही नाही. संध्याकाळी पाय धुताना वाटायचं, आज मी गेलो नसतो तरी कुणाचं काय अडलं असतं?

अडलं असतं असं एकच घर होतं. वडनेर भोलजीला एक म्हातारा होता. जन्मभर त्याने दोरखंड वळले. माझ्या आधीच्या उपदेशकाच्या हातून उतारवयात त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर दोन वर्षांत त्याचे डोळे गेले. गावात ख्रिस्ती घर ते एकच. भावकीने त्रास दिला नाही, पण जाणंयेणं कमी केलं. घरात एक विधवा मुलगी, तीस-बत्तीस वर्षांची. ती लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि बापाचं सारं करायची. तिलाही वाचता येत नव्हतं. म्हणून दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, मी जायचं आणि म्हाताऱ्याला शास्त्र वाचून दाखवायचं, असं ठरलेलं होतं.

तो भिंतीला टेकून बसायचा. मी वाचू लागलो की त्याचे ओठ हलायचे. मेंढपाळाचं स्तोत्र त्याला पाठ होतं, तरी दर खेपेला तेच आधी मागायचा. एकदा घाईत मी एक ओळ गाळली, तर म्हणाला, "मास्तर, एक राह्यली वाटते." मी परत मागे जाऊन वाचली. मला राग आला होता, हेही आठवतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बेस्तरवारी मी अर्ध्या वाटेवर एका बाभळीखाली बसलो. उठून पुढे जायचं, पण पाय पुढे जाईनात. दुखत नव्हते, नुसते जाईनात. तासभर बसलो आणि परत फिरलो. घरी बायकोने विचारलं, "आज लवकर आले?" मी "हो" म्हटलं. संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: वडनेर. वृद्ध बंधूस शास्त्र वाचून दाखविले. विश्वासात दृढ. प्रार्थना केली.

पुढच्या बेस्तरवारी बाभळीपर्यंतही गेलो नाही. स्टेशनावर जाऊन बाकावर बसलो. मालगाडीत कापसाच्या गाठी चढत होत्या, ते बघत राहिलो. बाभळीचा धरून असे एकंदर सात बेस्तरवार गेले. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी जाऊ. पण जितके दिवस चुकले तितकं त्या दारात उभं राहणं अवघड होत गेलं. रोजनिशीत मात्र मी दर खेपेला गेलो. खोटं लिहिताना माझा हात खऱ्यापेक्षा चांगला चालायचा. एकदा तर लिहून टाकलं की वृद्ध बंधू म्हणाला, माझे डोळे गेले, पण माझा उजेड गेला नाही. तो बिचारा असलं कधी बोलला नाही. ते वाक्य माझं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं.

आठवा बेस्तरवार यायच्या आत, सोमवारी सकाळी वडनेरहून गाडी घेऊन आलेल्या एका माणसाने निरोप दिला, "तुमचा दोरवाला गेला काल." मी आणि आमच्या मंडळीचा कारभार पाहणारे एक वडील, ते रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, लगेच निघालो. त्या दिवशी पाय बरोबर चालले. म्हाताऱ्याचा वावराचा एक पडीक तुकडा होता, त्याच्या धुऱ्याशी, बांधालगत, त्याला पुरलं. मी स्तोत्र वाचलं, एकही ओळ न गाळता. मुलगी रडली नाही. माती टाकून झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बरं हाय ना आता तुमाले?"

मला वाटलं, सगळेच विचारतात तसं विचारते आहे. "बरं आहे," म्हणालो.

महिनाअखेरीस साहेब आले. शनिवारी त्यांनी रोजनिशी वाचली आणि रविवारी उपासनेत उपदेशाच्या जागी ती उघडली. म्हणाले, आज मी बोलणार नाही, एका मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी बसलेला आपला बंधू बोलेल. आणि त्यांनी मागच्या महिन्यापासूनचे माझे सातही बेस्तरवार सावकाश, त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत वाचले. उजेडाचं वाक्य आलं तेव्हा ते त्यांनी दोनदा वाचलं. बाया पदराने डोळे पुसत होत्या.

बायांच्या मागे, दाराशी, ती बसली होती. वडनेरहून पायी आली होती. मी तिला आधी पाहिलंच नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, आता उठेल, आता बोलेल. ती उठली नाही. शेवटच्या गायनाला सगळ्यांबरोबर उभी राहिली.

उपासना सुटल्यावर मी तिला बाहेर गाठलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तीच बोलली.

"म्या कोनाले काही सांगतलं नाही, मास्तर. गेलेल्या मानसाच्या नावानं भांडन कायले?" मग म्हणाली, "बा दर बेस्तरवारी वाट पाहे. म्या म्हनो, नाही येत ते आता. तं तो म्हने, असं बोलू नको, त्याले काही दुखत असन. अन् तुमच्यासाठी प्रार्थना करे. म्हनून म्या इचारलं त्या दिवशी, बरं हाय ना म्हनून. दुखत होतं ना तुमाले?"

मी मान हलवली. ते हलवणं हो होतं की नाही, हे तिचं तिने ठरवावं, अशा बेताने हलवली. ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब जिथे राहत तिथे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. तेही थकलेले होते. त्यांच्या मडमबाई आजारपणामुळे थंड हवेच्या ठिकाणी होत्या, आणि एवढ्या मोठ्या बंगल्यात ते एकटेच जेवत.

"हे तुम्ही देवाला सांगितलं आहे?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं आहे."

"मग आता मला सांगितलंत. इथे थांबू द्या. मंडळी लहान आहे, लोक विश्वासात अडखळतील." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि ते उजेडाचं वाक्य मी आमच्या देशात लिहून पाठवलं आहे. तिथे ते छापतील."

मी परत आलो. सुटलो असं वाटायला हवं होतं. साहेबांनी क्षमा केली, गोष्ट मिटली. पण मला एवढंच कळत होतं की माझं खोटं आता त्यांनीही उचललं आहे, आणि माझा भार त्याने हलका झालेला नाही.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे मंडळीने एकत्र भाकर घेण्याचा, रविवार होता. साहेब मेजाशी उभे होते. भाकर वाटायला मी पुढे व्हायचं होतं. मी झालो नाही. उभा राहून म्हणालो, "मला हे वाटता येत नाही." आणि मग सांगितलं, सात बेस्तरवार मी वडनेरला गेलो नाही. जे वाचलं गेलं ते मी बनवलेलं होतं. म्हातारा वाट बघत मेला. फार बोललो नाही, शब्दही नीट आले नाहीत. मध्येच बायकोचा चेहरा दिसला. तिला मी आधी सांगितलेलं नव्हतं.

ती म्हाताऱ्याची मुलगी मात्र त्या दिवशी नव्हती. तिचा मामा तिला चिखलीकडे घेऊन गेला होता. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांना सांगितलं, पण जिला सांगायचं ती नसताना.

मला वाटलं होतं, आता लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. सांधेवाले वडील उठले आणि त्यांनी मला उराशी धरलं. दोघी बाया रडल्या. एकजण उठून म्हणाला की त्याचंही भावाशी वाकडं आहे, तो आज जाऊन बोलेल. साहेबांनी मेजावरून भाकर उचलली आणि स्वतः माझ्या हातात दिली. संध्याकाळी मला म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. हे दुसऱ्यांनीही ऐकलं पाहिजे."

इथून दुसरा भाग सुरू होतो, आणि तो सांगताना मला जास्त शीण येतो.

साहेब मला मेळाव्यांना नेऊ लागले. खामगाव, अकोला, आणखी कुठे कुठे. मी उभा राहायचो आणि पाप कबूल करायचो. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळली. मग अडखळेना. मग मला कळू लागलं की कुठे थांबलं की लोक श्वास धरतात. "एक राह्यली वाटते" हे म्हाताऱ्याचं वाक्य मी शेवटाकडे नेलं, तिथे ते जास्त लागायचं. माझे डोळे दर वेळी त्याच ठिकाणी भरून येत. खरेच येत, ढोंग नव्हतं. शास्त्रातल्या दाखल्यात छाती बडवून पाप कबूल करणारा तो जकातदार देवळात मागे उभा होता. मला लोकांनी पुढे आणून उभं केलं होतं, आणि मला तिथे बरं वाटत होतं. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे. मी मान खाली घालायचो.

एके ठिकाणी तिथल्या मंडळीच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी विचारलं, "पण गेला का नाहीत हो तुम्ही?" पाय जाईनात म्हणून गेलो नाही, हे चारचौघांत फार लहान दिसत होतं. मी म्हणालो, "त्या दिवसांत अंगात हिवताप होता. पण ते काही कारण नव्हे." लोकांना ते फार आवडलं. आजारी असूनही हा माणूस स्वतःला माफ करत नाही, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून तो ताप गोष्टीत राहिला.

बायकोने खामगावला तो पहिल्यांदा ऐकला. घरी येताना गाडीत म्हणाली, "ताप कवा आला होता तुमाले?"

"अंगात थोडी कसर होती."

"मले तं माहीत नाही." एवढंच म्हणाली आणि बाहेर बघत बसली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कुठल्या मेळाव्याला आली नाही.

तीन वर्षं असं चाललं. मग देऊळगाव राजाला मेळावा होता. मोटारीने धुळीत माखून पोहोचलो. मांडवात दीड-दोनशे माणसं असावीत. मी उभा राहिलो, नेहमीसारखं बोललो, नेहमीच्या जागी थांबलो. शेवटी मान खाली घालून बसलो, तर एक बाई समोर येऊन उभी राहिली. मी तिला लगेच ओळखलं नाही. अंग भरलं होतं, हातात बांगड्या होत्या.

"मास्तर, म्या वडनेरची."

मामाने तिचं देऊळगावच्याच एका ख्रिस्ती माळ्याशी पुन्हा लग्न लावून दिलं होतं. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. ती मला आग्रहाने घरी घेऊन गेली. नवरा बाजाराला गेला होता. तिने पाणी दिलं, चहा टाकला, आणि चुलीशी बसून म्हणाली,

"आज मले लय बरं वाटलं. तुमाले ताप होता, हे तुमी तवा नाही सांगतलं. नुसती मान हालवली. माह्या मनात राहून गेलं होतं, का बा उगाच म्हने, दुखत असन म्हनून. बाचं खरं होतं. तो तुमाले बराबर समजला होता."

तिच्या तोंडावर समाधान होतं. मला वाटलं, असू द्यावं. तिच्या बापाचा शब्द खरा ठरला आहे, तो आपण कशाला खोटा करायचा? हा विचार मला दयेचा वाटला. पण तीन वर्षांत मी अशा पुष्कळ दया स्वतःवर केल्या होत्या, त्यामुळे ओळखीचा वाटला.

"ताप नव्हता," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं की नाही कळेना. चहा उतू गेला, तो तिने उतरवला.

"मंग काय होतं?"

"काही नव्हतं. कंटाळा आला होता. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो, मग आलोच नाही. स्टेशनावर बसून राहायचो. ताप मी मागाहून जोडला. लोकांनी विचारलं म्हणून."

मी वाट बघत होतो की ती मला घराबाहेर काढेल. खरं म्हणजे तसं व्हावं असंही वाटत होतं. तिने कपात चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला.

"कंटाळा तं मलेही आला होता," ती म्हणाली. "त्याचं सारं मलेच करा लागे. उठवा, बसवा, धुवा. अन् बेस्तरवार आला का सकाळपासून एकच, आले का ते, आले का. वावरातून थकून यावं तं पुन्हा तेच. एक डाव म्या त्याले खोटंच सांगतलं. म्हटलं, आले होते मास्तर, तू झोपला होता, म्हनून वाचून गेले."

"मग?"

"मंग काय. रडला. मले झोप कशी लागली म्हने. दिवसभर सोताले शिव्या देत राह्यला. म्या खरं सांगतलं नाही. त्याच्या बाद तीन दिसांनी गेला." तिने हात पदराला पुसले. "तुमाले इचारनारे तरी होते, मास्तर. मले कोनी इचारलंच नाही. म्हनून कोनाले सांगतलंही नाही."

मी तिच्या बापाची गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली होती, पण त्या घरात आणखी कुणी थकलेलं आहे, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. माझ्या गोष्टीत ती नुसती दाराशी बसलेली होती, मला लाज वाटावी म्हणून.

आम्ही प्रार्थना केली. तिने सांगितल्यावर मी तोंड उघडलं, पण मला शब्द सुचेनात. मांडवात दोन तासांपूर्वी ओघाने आलेले शब्द इथे एकही येईना. शेवटी तीच म्हणाली, "देवा, आमचं दोघाईचं चुकलं. बाले सांग." आणि आम्ही आमेन म्हणालो. बाले सांग, ही प्रार्थना शास्त्राला धरून आहे की नाही, हे मी तेव्हा पाहिलं नाही आणि अजूनही पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात पुन्हा बोलायचं होतं. मी साहेबांना सांगितलं, आता मी बोलणार नाही, आणि तापाचंही सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्या हेच सांगा. हे तर आणखी मोठं आहे." त्यांचं मन वाईट नव्हतं. पण मी म्हणालो, "साहेब, हे मी तुम्हाला सांगितलं, तिला सांगितलं, नांदुऱ्यात मंडळीच्या वडिलांना सांगेन. आणखी कुणाला सांगायला लावू नका. मला सांगायला फार चांगलं येतं."

ते रागावले नाहीत, पण त्यानंतर आमच्यात पहिल्यासारखं राहिलं नाही. वर्षभरात मला उपदेशकाच्या कामावरून काढून मिशनच्या शाळेवर घेतलं. मी मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही. सांधेवाल्या वडिलांना तापाचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात् तिच्या मायले," आणि बराच वेळ हसले. मग म्हणाले, "चला, घरी चला, भाकर खा." बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "मले माहीतच होतं," म्हणाली. "तुमी कवा म्हनता, तेच पाहून राह्यली होती."

शाळेत मी पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवली, एकोणीस वर्षं. तिथेही कंटाळा यायचाच. एखाद्या दिवशी फळ्याशी उभा राहिलो की पाय तसेच जड व्हायचे. तेव्हा मी मुलांना सांगायचो, आज गुरुजींना कंटाळा आला आहे, तुम्ही पाटीवर गिरवा. मुलं गिरवायची. थोड्या वेळाने मी उठायचो.

रविवारी उपासनेत सगळे मिळून पापं कबूल करण्याची प्रार्थना, पापांगीकार, म्हणतात, तो मी त्यांच्याबरोबर म्हणतो, मधल्या बाकावर बसून. कधी कधी म्हणताना मन ठिकाणावर नसतं. शेजारच्या माणसाचा आवाज मोठा आहे, त्यात माझा बुडून जातो. ते मला बरं वाटतं.